घराचा दलाल आणि कर्ज देणारी बँक



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत आले. त्यांच्या काळी घर बांधायचे म्हणजे गावातला सुतार, गवंडी आणि घरची माणसे एवढ्यांत काम भागत असे. पैसा कमी पडलाच तर सावकाराचा किंवा एखाद्या सोयऱ्याचा उंबरठा झिजवायचा. आज तालुक्याच्या गावी दोन खोल्यांची सदनिका घ्यायची म्हटली तरी निदान चार जण एकत्र यावे लागतात. घेणारा, विकणारा, त्या दोघांची गाठ घालून देणारा दलाल आणि पैसा पुरवणारी बँक. घेणारा आणि विकणारा यांची बोलणी समोरासमोर होतात, ती आपण कान देऊन ऐकतो. बँकेशी आपण स्वतः बोलतो, निदान तसे आपल्याला वाटते. पण दलाल आणि बँक यांच्यात काय बोलणे होते, तिकडे बहुतेकांचे लक्षच नसते. आणि व्यवहार पुष्कळदा तिथेच जमतो किंवा तिथेच बिघडतो. म्हणून आज या एकाच गोष्टीविषयी चार शब्द सांगायचे मी योजले आहे.

दलाल हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. हल्ली त्याला एजंट म्हणतात, कोणी सल्लागारही म्हणतात. नाव काहीही असो, त्याचे काम वाईट नाही. बाजार समितीत अडत्या असतो, तसाच हा. कोणते घर विकाऊ आहे, विकणाऱ्याला घाई किती आहे, शेजारचे घर काय भावाने गेले, ही माहिती त्याच्यापाशी असते आणि तिचे मोल तो घेतो. यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की बँकेपुढे त्याने कोणाच्या वतीने बोलावे, काय बोलावे आणि कुठे थांबावे.

आधी बँकेची बाजू पाहू. बँक आपल्याला वीस वर्षांसाठी पैसे देते ते घर गहाण ठेवून घेऊन. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक प्रकार घराचे मूळ कागद धनकोच्या हवाली करून होणारा. गृहकर्जात बहुधा हाच वापरतात. तेव्हा पैसे देण्यापूर्वी बँकेला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. पहिला प्रश्न ऐपतीचा: हा माणूस हप्ता फेडू शकेल काय? दुसरा हक्काचा: विकणाऱ्याला हे घर विकण्याचा निर्वेध अधिकार आहे काय? तिसरा किमतीचा: उद्या घर विकायची पाळी आलीच, तर आपले पैसे त्यातून वसूल होतील काय? हे तीन प्रश्न नीट ध्यानात ठेवा. कारण दलालाने कुठे बोलावे आणि कुठे गप्प बसावे, हे त्यांवरूनच ठरते.

हक्काचा प्रश्न घ्या. इथे दलालाची खरी मदत होते. बँकेचा वकील मागचे खरेदीखत मागतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली सूची क्रमांक दोन मागतो, बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, सोसायटीचा ना-हरकत दाखला, घरपट्टीची पावती मागतो. हे कागद विकणाऱ्याकडे असतात आणि विकणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट दलालाला ठाऊक असते. शाळेतल्या गुरुजींनी दर खेपेला रजा टाकून तालुक्याला धावावे, त्यापेक्षा दलालाने कागदांचा गठ्ठा एकदम बँकेत नेऊन द्यावा आणि काय कमी आहे ते विचारून यावे, हे बरे. तसेच किंमत ठरवायला बँकेचा माणूस घर पाहायला येतो. तो यायचा त्या दिवशी घराला कुलूप, विकणारा पुण्याला आणि किल्ली कुणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही, असे झाले म्हणजे आठ दिवस फुकट जातात. साठेखतात खरेदीची मुदत घातलेली असते आणि ती थांबत नाही. मुदत टळली की विकणारा म्हणतो, तुमचा विसार बुडाला! अशा वेळी बँकेत तारखा विचारणारा आणि विकणाऱ्याला त्या वेळीच कळवणारा दलाल असला, तर आपली दलाली सार्थकी लागली असे समजावे.

आता ऐपतीचा प्रश्न. इथे मात्र दलालाचे काम नाही. तुमचा पगार किती, तुमच्यावर कर्ज किती, घरात आजारपण आहे की नाही, हे तुमच्यात आणि बँकेत राहावे. विकणाऱ्याच्या दलालाला एवढेच कळले म्हणजे पुरे की अमुक रकमेपर्यंत कर्ज मिळण्याजोगे आहे. तेही तुमच्या संमतीने. असे का? तर तुमची पूर्ण ऐपत विकणाऱ्याच्या बाजूला कळली, म्हणजे घराची किंमत घासाघीस करून कमी करण्याची तुमची शक्ती गेली. पस्तीस लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते असे कळल्यावर तीस लाखांवर कोण थांबेल? व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. पण कायद्याच्याही आधी आपणच आपली पगारपत्रके कोणाच्याही मोबाइलवर पाठवीत सुटू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी आहेत. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले आहे आणि त्याची कपात दरमहा पगारातून होते. दलाल त्यांना म्हणतो, “गुरुजी, पतसंस्थेचं बँकेत काही बोलू नका. मी साहेबांशी बोललोय, अर्जात तो रकाना कोराच ठेवा.” गुरुजींना वाटते, हा माहितगार माणूस, सांगतो ते आपल्या भल्यासाठीच. पण त्या अर्जाखाली सही कोणाची? गुरुजींची. पुढे पगारपत्रकात कपात दिसली, की खोटे कोण बोलला? गुरुजीच. कर्ज नामंजूर होते. आणि समजा, कोणाच्या लक्षात आले नाही आणि कर्ज मिळाले, तरी दोन्ही हप्ते एकाच पगारातून जायचे आहेत. दरमहा ओढाताण व्हायची ती गुरुजींच्या घरी. दलाल तोवर आपली दलाली घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

इथे कायद्याचा एक मुद्दा मुद्दाम सांगतो. आपला करारविषयक कायदा १८७२ सालचा आहे आणि त्यात मुखत्यार, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा, याविषयी एक सबंध प्रकरण आहे. त्याचा सारांश असा, की मुखत्याराने दिलेल्या अधिकारात राहून जे केले, ते धन्यानेच केले असे कायदा धरतो. म्हणून ‘माझ्या वतीने तूच बोलून घे’ हे वाक्य फार विचार करून उच्चारावे. त्याच कायद्यात असेही आहे, की मुखत्याराने धन्याला अंधारात ठेवून त्याच कामात स्वतःसाठी काही व्यवहार केला, तर त्याला झालेला फायदा धनी मागू शकतो. हे समजले म्हणजे दलालाला पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न आपोआप सुचतो: “तुम्ही माझे की विकणाऱ्याचे? आणि दलाली कोणाकोणाकडून घेणार?” दोघांकडून घेतो असे तो म्हणाला, तरी रागावू नये. ते उघड झाले, हे चांगलेच झाले. मग बँकेशी काय बोलायचे ते त्याच्यावर सोपवायचे नाही, एवढे ठरवून टाकावे.

तिसरा प्रश्न किमतीचा. यात दोन जुन्या खोडी आहेत आणि दोन्ही उलट दिशेच्या आहेत.

पहिली खोड कागदावर किंमत कमी दाखवण्याची. घराचा सौदा तीस लाखांचा. विकणारा म्हणतो, चोवीस लाख कागदावर, सहा लाख रोख. दलाल मान डोलावतो. आता हिशेब करू या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देता येते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला हे प्रमाण ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. सगळा सौदा कागदावर असता, तर कर्ज सत्तावीस लाखांपर्यंत मिळाले असते आणि पदरचे तीन लाख लागले असते. चोवीस लाखांच्या कागदावर कर्ज मिळणार जास्तीत जास्त एकवीस लाख साठ हजार. म्हणजे पदरचे आठ लाख चाळीस हजार उभे करायला हवेत. हे पैसे कुठून यायचे? मग बायकोचे दागिने निघतात, खाजगी सावकार निघतो. शिवाय घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि पुढे व्यवहार मोडला, तर त्या सहा लाखांची पावती कुठे आहे?

दुसरी खोड किंमत फुगवण्याची. पदरी पैसे थोडे असले, की दलाल सुचवतो, कागदावर चौतीस लाख लिहू, बँकेकडून जास्त काढू. त्यासाठी मूल्यांकन करणाऱ्या माणसाला तो ‘जरा सांभाळून घ्या’ असा निरोप धाडतो. पण बँका सर्वसाधारणपणे करारातली किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी कमी, तीच धरतात. म्हणजे डाव बहुधा फसतोच; आणि साधला, तर आपण घराच्या खऱ्या किमतीहून जास्त कर्ज डोक्यावर घेतो, जास्त मुद्रांक शुल्क भरतो, आणि बँकेला खोटी माहिती दिल्याचा ठपकाही आपल्याच नावावर राहतो.

अमेरिकेत घरे बहुतकरून कर्जावरच घेतली जातात आणि तिथे दलाल व बँक यांच्या संबंधांचा विचार पुष्कळ आधी झाला. कर्जाचे किंवा त्यासंबंधी सेवेचे गिऱ्हाईक धाडल्याबद्दल दलालाने नुसत्या शिफारशीची बक्षिसी घ्यायची नाही, असा कायदा तिथे १९७४ साली झाला. २०१० सालच्या दुसऱ्या एका कायद्याने मूल्यांकन करणाऱ्यावर दडपण आणण्यास बंदी घातली. मात्र त्याच कायद्यात एक शहाणपण आहे. मूल्यांकनात चूक झाली असेल, तर ती दाखवून द्यायला आणि आसपास विकल्या गेलेल्या घरांची माहिती विचारात घ्या असे सांगायला मोकळीक ठेवली आहे. दलालाने वस्तुस्थिती सांगावी, आकडा सांगू नये, अशी ही साधी रेघ आहे. आपणही ती आपल्या व्यवहारात ओढून घ्यायला हरकत नाही.

कारण आपल्याकडे कर्जाचे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला बँका आणि वित्तसंस्था दलाली देतात. घराचा दलालच पुष्कळदा कर्जाचाही दलाल असतो. तो म्हणतो, “त्या बँकेत जाऊ नका हो, तिथं फार वेळ लागतो. या बँकेत माझी ओळख आहे, चार दिवसांत काम.” ओळखीची किंमत किती, ते पाहू. वीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर दरमहाचा हप्ता सुमारे १७,३५६ रुपये पडतो. तेच नऊ टक्क्यांनी घेतले, तर सुमारे १७,९९४. महिन्याला ६३८ रुपयांचा फरक. ‘एवढ्याचं काय घेऊन बसलात?’ असे दलाल म्हणेल. पण वीस वर्षांत ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते! म्हणून निदान तीन ठिकाणी स्वतः जाऊन दर विचारावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने असा नियम केला आहे, की घरासारख्या किरकोळ कर्जदाराला व्याज, शुल्क आणि इतर सगळा खर्च एकत्र दाखवणारे तथ्यपत्रक त्याला समजेल अशा भाषेत द्यावे. ते मागून घ्यावे आणि तिन्ही पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

दलालांवरही आता कायद्याचा लगाम आहे. २०१६ सालचा स्थावर संपदा कायदा आणि त्याखाली स्थापन झालेले महारेरा यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नोंदणी झालेल्या प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक व्यवहारात नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. घेणाऱ्याला मिळायला हवेत ते सगळे कागद नोंदणीच्या वेळी मिळवून देणे, हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. २०२३ साली महारेराने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्याचा आदेश काढला. याच कायद्याप्रमाणे बांधणाऱ्याला नोंदणीकृत विक्रीकरार केल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण एक ध्यानात ठेवा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात. लहान गावातल्या पुष्कळ इमारती एवढ्याच असतात. शिवाय एका मालकाने दुसऱ्याला विकलेले जुने घर असते. तिथे आपली काळजी आपणच घ्यायची.

खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांसाठी हा मुद्दा जरा जास्त सांगतो. दलाल गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवतो आणि म्हणतो, “बँकेचं काही अडत नाही, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आहे.” आठ नंबरचा उतारा घरपट्टी कोणाच्या नावे आकारली ते दाखवतो, तो मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९४७ पासून आहे आणि गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ साली वेगळा कायदा करावा लागला, यावरूनच हे दुखणे किती जुने आहे ते कळते. असा तुकडा बिगरशेती नसेल, तर बँकेचा वकील कागद परत करतो. गावठाणातल्या घरांची अडचण निराळी. घर पिढ्यान् पिढ्यांचे, पण मालकीचा कागद नाही. त्यासाठी २०२० साली केंद्राने स्वामित्व योजना काढली. तिच्यात ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. अशी पत्रिका हाती असली, म्हणजे बँकेच्या दारात उभे राहता येते. सात-बारा असेल, तर ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो.

याचा बोध काय? तर विसार देण्याच्या आधी कागद बँकेला दाखवावेत, नंतर नव्हे. आणि विसारपावतीत किंवा साठेखतात एक वाक्य अवश्य घालावे: कागदांतील दोषामुळे किंवा बँकेने कर्ज नाकारल्यामुळे व्यवहार झाला नाही, तर विसाराची रक्कम अमुक दिवसांत परत द्यावी. दलाल म्हणेल, असे कोणी लिहीत नाही. आपण म्हणावे, आम्ही लिहितो. तोंडी ‘मी आहे ना!’ हा शब्द कोर्टात उभा राहत नाही.

विकणाऱ्याच्याच घरावर आधीचे कर्ज असले, तर आणखी जपावे. तिथे दोन बँकांचा मेळ घालावा लागतो. जुन्या बँकेकडून बाकी रकमेचे आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांच्या यादीचे पत्र घ्यायचे, आपल्या बँकेने धनादेश थेट त्या कर्जखात्यात द्यायचा आणि मग बेबाकी दाखला व मूळ कागद सोडवून घ्यायचे. कर्ज पुरते फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, आपल्या दोषाने उशीर केल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. या धावपळीत दलाल फार उपयोगी पडतो. पण घराचा पैसा मात्र त्याच्या खात्यातून जाता कामा नये. कोणी फोनवर किंवा मोबाइलच्या संदेशात ‘खाते क्रमांक बदलला आहे’ असे कळवले, तर एक पैसाही पाठवण्यापूर्वी शाखेत जाऊन स्वतः खात्री करावी.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. गावात कोणाला कागद वाचून घ्यायचा असला, तर तो तुमच्याकडेच येतो. पुढच्या वेळी कोणी साठेखत घेऊन आला, तर त्याला दोनशे पानांची एक वही करायला सांगा. दलाल बँकेत कोणत्या तारखेला गेला, कोणाला भेटला, कोणते कागद दिले आणि बँक काय म्हणाली, एवढे त्याने दलालाकडून विचारून त्या वहीत लिहावे. आठवड्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन ते पडताळून पाहावे. चांगल्या दलालाला याचा राग येणार नाही. उलट त्याचे काम सोपे होईल. ज्याला राग येईल, त्याच्याकडून घर घ्यावे की नाही, याचा विचार विसार देण्यापूर्वीच करता येईल.